पंचवीस पाहुणे आणि घरची वरण-बट्टी: खर्च, प्रमाण आणि सगळी कृती

घरात काही आनंदाचं घडलं की पहिला प्रश्न पडतो तो जेवणाचा. मुलीला नोकरी लागली, घराची वास्तुशांत झाली, नातवाचा वाढदिवस आला. वीस-पंचवीस माणसं तर बोलवावीच लागतात. मग कुणीतरी म्हणतं, पनीरची भाजी, पुलाव, गुलाबजाम बाहेरून मागवू. हिशोब केला की माणूस गप्प होतो आणि शेवटी "चहा-फराळावर भागवू" असं ठरतं. मला याचं फार वाईट वाटतं. आपल्या खान्देशात पाहुण्यांना पोटभर, गरम आणि स्वस्तात जेवू घालण्याचा मार्ग पिढ्यान्‌पिढ्या तयार आहे: वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी. बट्टी म्हणजे गहू-मक्याच्या जाडसर पिठाची गुंडाळी उकडून, कापून तळलेली. मोठाल्या पंगतींमध्येही हाच बेत असतो. तोच घरच्या दोन शेगड्यांवर कसा उतरवायचा, ते इथे सगळं सांगते.

हा बेत स्वस्त पडतो त्याचं कारण पदार्थांची संख्या कमी आहे, हे आधी लक्षात घ्या. पाच पदार्थ थोडे थोडे केले की पाचांचं साहित्य, पाचांचा गॅस आणि पाचांचं उरलेलं अंगावर पडतं. बट्टी, वरण आणि भाजी हे तीन पदार्थ मात्र मनापासून आणि भरपूर करायचे. पोळ्या लाटत बसायचं नाही, भात लागत नाही, गोडासाठी वेगळी कढई चढवायची नाही. शेवभाजीचा विचार अनेकांच्या मनात येतो, पण पंचवीस माणसांना शेव बरीच लागते, वर पोळ्यांसाठी दोन बायका सकाळपासून अडकतात. माझं मत स्पष्ट आहे, दहा माणसांच्या वर गेलात की बट्टीच.

काय आणि किती आणायचं

पंचवीस माणसं म्हणजे साधारण अठरा मोठी आणि सात लहान, असं धरून माझं प्रमाण असं आहे.

बट्टीसाठी गहू अडीच किलो आणि मका अर्धा किलो. तूरडाळ सव्वा किलो. वांगी तीन किलो. हिरव्या मिरच्या दीडशे ग्रॅम, लसूण दोनशे ग्रॅम, शेंगदाणे पाव किलो, सुक्या खोबऱ्याची एक वाटी. तूप चारशे ग्रॅम, गूळ अर्धा किलो. ताकासाठी दोन लिटर दूध आदल्या रात्री विरजायचं. त्या दह्यात चार लिटर पाणी घालून घुसळलं की पंचवीस पेले नीट होतात. काकडी, कांदा, लिंबू, कोथिंबीर, कढीपत्ता हे बाजारात दिसेल तसं.

आता पैसे. भाव गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतात, तेव्हा हे आकडे नमुन्यादाखल घ्या आणि तुमचे भाव घालून पुन्हा बेरीज करा. गहू, मका आणि दळण मिळून १३० रुपये, डाळ १६५, वांगी ९०, खर्ची पडणारं तेल १५०, तूप २६०, मिरची-लसूण-कोथिंबीर-कढीपत्ता ८०, शेंगदाणे आणि खोबरं ६५, गूळ ३०, काकडी-कांदा-लिंबू १००, ताकाचं दूध १२०. एकूण ११९० रुपये. म्हणजे गॅस सोडून ताटाला ४८ रुपयांच्या आत.

या यादीत सगळ्यात महाग तूप आहे, आणि तिथेच हात आखडायचा मोह होतो. कृपा करून तुपाच्या जागी वनस्पती तूप आणू नका. वरण-बट्टीत तूप कच्चंच वाढलं जातं, त्यामुळे त्याचा वास लपत नाही. त्यापेक्षा तीन आठवडे आधीपासून घरच्या दुधाची साय साठवा, लोणी काढून कढवा. त्यातून पाव किलो तूप निघालं तरी बाहेरून दीडशे ग्रॅमच आणावं लागतं. तूप वाढायचं काम घरातल्या एका जाणत्या माणसाकडे द्या. तुपाची वाटी पंगतीत मोकळी फिरली की पहिल्या पाच ताटांतच संपते.

तेल मात्र अडीच लिटर घरात असू द्या. खर्च सव्वा लिटरच्या आतच होतो, पण कढईत सव्वा लिटर ओतल्याशिवाय बट्ट्या नीट तळल्या जात नाहीत. उरलेलं तेल गार झाल्यावर फडक्याने गाळून ठेवा आणि पुढच्या चार दिवसांत भाज्यांच्या फोडणीत संपवा, पुन्हा तळणाला घेऊ नका.

दोन दिवस आधी: दळण

बट्टी बिघडते ती बहुतेक वेळा गिरणीतच. पोळीचं बारीक पीठ घेतलं की बट्टी चिवट होते आणि वरणात टाकली की तिचा गोळा होतो. गिरणीवाल्या भाऊंना नुसतं "जाडसर" म्हणू नका, "बट्टीचं दळण" म्हणा, आमच्याकडे त्यांना ते बरोबर कळतं. दळण आणल्यावर चिमटीत धरून बघायचं. बारीक रव्यासारखे कण बोटांना टोचले पाहिजेत, त्यांच्यात थोडं मऊ पीठही असलं पाहिजे. मक्यामुळे बट्टीला खुसखुशीतपणा येतो. पण मका पाचव्या-सहाव्या हिश्शापेक्षा जास्त झाला तर बट्टी कापताना चुरा होतो. चुकून दळण बारीक आलंच, तर दर किलोला दोन वाट्या जाड रवा मिसळा, काम निभतं.

पीठ भिजवणं

तीन किलो पिठाला तीन सपाट मोठे चमचे मीठ, दोन मोठे चमचे ओवा हातावर चोळून, तेवढेच जिरे आणि दीड चहाचा चमचा हळद. मोहन तीनशे मिली तेलाचं. तेल कोमट असलं तरी चालतं. ते पिठाला दोन्ही तळव्यांनी चांगलं पाच मिनिटं चोळायचं. मग मूठभर पीठ घट्ट दाबायचं. मुटका झाला आणि बोटाने टोचल्यावर फुटला, की मोहन बरोबर. मूठ उघडताच पीठ विस्कटलं तर अजून दोन-तीन चमचे तेल घाला.

पाणी साधारण सव्वा लिटर लागतं, पण एकदम ओतायचं नाही. पुरीच्या कणकेहून घट्ट गोळा हवा. झाकून अर्धा तास ठेवला की रवाळ कण पाणी पितात आणि आधी कोरडं वाटलेलं पीठ सारखं होतं. इथे घाई करणारे पाणी वाढवतात आणि मग बट्टी चिकट होते.

सोड्याबद्दल स्वतःचा अनुभव सांगते. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्यावर बट्टीची जबाबदारी आली तेव्हा बट्ट्या हलक्या व्हाव्यात म्हणून मी खाण्याचा सोडा चमचाभर जास्तच घातला. उकडून काढल्या तर पिवळ्या बट्ट्यांवर जागोजागी लालसर डाग. मला वाटलं, भांड्यालाच काही लागलं होतं. मोठ्या जाऊबाईंनी एक बट्टी फोडून दाखवली, आतही लाल. हळदीला सोड्याचा खार लागला की तिचा रंग तांबडा होतो. शिवाय त्या बट्ट्या कढईत तेल प्यायल्या ते वेगळंच. तेव्हापासून तीन किलोला अर्ध्या चहाच्या चमच्यावर मी जात नाही, आणि मोहन नीट असेल तर तोही घालत नाही.

वळणं आणि उकडणं

भिजलेल्या पिठाचे लिंबापेक्षा थोडे मोठे, साठेक ग्रॅमचे गोळे करा. साधारण ऐंशी होतात. माणशी तीन धरले तरी पाच उरतात, आणि लहान मुलं दोनच खातात. प्रत्येक गोळा पुरीएवढा जाडसर लाटायचा, वरून बोटभर तेल पुसायचं आणि चटईसारखी घट्ट गुंडाळी करायची. कडा दाबून बंद करा. नुसता गोळा उकडला तरी बट्टी होते, पण गुंडाळीच्या बट्टीला पदर सुटतात आणि त्या पदरांमध्ये वरण शिरतं. चवीत फरक तिथेच पडतो.

मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवा, वर तेल लावलेली चाळणी, तिच्यात गुंडाळ्या थोडं अंतर ठेवून. झाकणाला आतून फडकं बांधा, नाहीतर वाफेचं पाणी बट्टीवर ठिबकतं. वीस ते पंचवीस मिनिटं लागतात. सुरी खुपसून स्वच्छ निघाली की झालं. ऐंशी गुंडाळ्यांना तीन खेपा कराव्या लागतील, मध्ये पातेल्यातलं पाणी आटलं का बघत राहा. काही घरांत बट्ट्या थेट उकळत्या पाण्यात सोडतात आणि वर तरंगल्या की काढतात. त्याही चांगल्या होतात, पण पाण्यात मीठ-ओवा थोडा उतरतो, म्हणून मी वाफच पसंत करते.

उकडलेली बट्टी पूर्ण गार झाल्याशिवाय सुरी लावू नका. गरम असताना आतलं पीठ मऊ असतं, सुरीला चिकटतं आणि पदर दबून जातात. गार झाल्यावर प्रत्येकीचे चार तुकडे. आतून शंखासारखी गोल रेघ दिसली की समजा गुंडाळी जमली.

हिवाळ्यात हे सगळं आदल्या रात्री उरकून ठेवता येतं, आणि घरच्या घरी पार्टी करणाऱ्याला याहून मोठी सोय नाही. फडक्यावर पसरून, वरून दुसरं फडकं टाकून ठेवा. उन्हाळ्यात मात्र तसं करू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. अशा रात्री ओलसर बट्टीला सकाळपर्यंत आंबूस वास येतो आणि आत तार सुटते. तेव्हा पहाटे उठून उकडायच्या.

वरण

डाळ शिजत नाही अशी तक्रार बोअरच्या पाण्यावर स्वयंपाक करणाऱ्या घरांतून नेहमी ऐकू येते. जड, खाऱ्या पाण्यात डाळ कितीही शिट्ट्या घेतल्या तरी दाणेदार राहते. वरणापुरतं नळाचं किंवा फिल्टरचं पाणी घ्या. डाळ धुऊन तासभर भिजवा आणि मीठ-चिंच शिजल्यावरच घाला.

पाच लिटरच्या कुकरमध्ये सव्वा किलो डाळ एकदम लावू नका. डाळ फेसाळते, शिट्टीत अडकते. कुकर अर्ध्यापेक्षा जास्त भरायचा नाही, म्हणून दोन खेपा, प्रत्येकीत सहाशे-सव्वासहाशे ग्रॅम डाळ, तिच्या अडीचपट पाणी, हळद आणि चमचाभर तेल. शिजल्यावर रवीने एकजीव घोटा आणि उकळतं पाणी घालत एकूण सहा-साडेसहा लिटर वरण करा. पळी उलटी केली की तिच्या पाठीवर पातळ थर राहिला पाहिजे. पाण्यासारखं वरण बट्टीत मुरून जातं, ताट कोरडं दिसतं आणि लोक पुन्हा पुन्हा मागतात. मग तेही पुरत नाही.

फोडणीला मोहरी, जिरे, हिंग, ठेचलेला लसूण, सुक्या लाल मिरच्या, कढीपत्ता. लसूण बदामी होईपर्यंत थांबा. शेवटी मीठ आणि सुपारीएवढा गूळ. मसाला घालू नका, कारण तिखट-मसाल्याचं काम भाजी करणार आहे.

घोटलेली भाजी

वांगी मोठी, फिकट हिरवी, हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलकी लागणारी घ्या. जड वांग्यात बिया जास्त निघतात. चिरल्याबरोबर मिठाच्या पाण्यात टाका, काळी पडत नाहीत.

जाड बुडाच्या पातेल्यात थोडं तेल, वांग्याच्या फोडी, मीठ, अख्ख्या हिरव्या मिरच्या, दोन वाट्या पाणी. झाकण ठेवून मऊ होऊ द्या, वीस मिनिटं तरी. मग रवीने किंवा पळीच्या पाठीने घोटा. मिक्सरला अजिबात लावू नका. बिया फुटून भाजी कडवट आणि चिकट होते, आणि ज्या मऊ-रेषाळपणासाठी ती करतो तोच जातो. वरणातली दोन पळ्या शिजलेली डाळ इथे घातली की भाजी मिळून येते आणि थोडी वाढतेही.

लहान मुलांसाठी बाजूला काढायची ती इथे, फक्त तशी काढायची ठरवली असेल तर मिरच्या घोटण्याआधी उचलून ठेवा आणि ठेचून नंतर मोठ्यांच्या भाजीत मिसळा.

फोडणी वेगळ्या कढईत, दीडशे मिली तेलाची. मोहरी, जिरे, मग शेंगदाणे आधी. ते तांबूस झाले की खोबऱ्याचे पातळ काप, मग ठेचलेला लसूण, कढीपत्ता, हळद. चुरचुरती फोडणी भाजीवर ओता, पाच मिनिटं खदखदू द्या, वर भरपूर कोथिंबीर. शेंगदाणे दाताखाली आले पाहिजेत, म्हणून कूट घालू नका.

उन्हाळ्यात वांगी बियाळ आणि महाग झाली तर हट्ट सोडा आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी करा. तिलाही हीच लसूण-मिरचीची फोडणी शोभते.

पार्टीच्या दिवशी घड्याळ बघून

जेवण रात्री आठला असेल तर दुपारी चारला डाळ भिजवा, पाचला कुकर, साडेपाचला वांगी. सातपर्यंत वरण आणि भाजी झाकून तयार. सव्वासातला तळण सुरू करा. तीनशेवीस तुकडे, एका घाण्यात तीसेक, घाण्याला पाच मिनिटं, म्हणजे सगळं तळण तासाभराचं. पहिली पंगत बसेपर्यंत तिच्यापुरत्या बट्ट्या टोपल्यात असतात आणि बाकीच्या लोक जेवताना उतरत राहतात.

तेल मध्यम तापलेलं हवं. पिठाचा कण टाकला तर तो तळाशी क्षणभर राहून वर आला पाहिजे. बट्टी आतून शिजलेलीच आहे, तळायचं ते फक्त वरच्या सोनेरी कवचासाठी. तेल गार असलं तर ती तेल पिते. फार कडक असलं तर बाहेरून लाल आणि आतून ओलसर राहते. तळलेल्या बट्ट्या फडकं घातलेल्या टोपल्यात ठेवा, डब्यात झाकू नका, वाफेने नरम पडतात. कढईजवळ एकच मोठं माणूस बसू द्या, मुलांना तिकडे फिरकू देऊ नका.

ताटांचा खर्च वाचवायचा असेल तर आमच्या चोपडा-यावल-रावेर पट्ट्यात केळीची पानं आहेतच. उभ्या बागेतली पानं मागू नका, पानं कमी झाली की घड पोसत नाही. घड कापून झालेल्या खोडाची पानं मागा, शेतकरी आनंदाने देतात. मधला जाड दांडा जिथे फुगीर असेल तो पाठीमागून चाकूने तासला की पान जमिनीवर सपाट बसतं. त्यावर वरण वाहून जाईल अशी भीती वाटते, पण बट्टी पानावर कुस्करून मध्ये आळं करायचं, त्यात वरण ओतायचं आणि लगेच तूप. बट्टी वरण धरून ठेवते.

वाढताना आधी काकडी, कांदा, लिंबू, घरची बिबडी (ज्वारीचे खान्देशी पापड) किंवा साधे पापड. मग भाजी, गरम बट्टी, वरण, तूप. पहिल्या खेपेला प्रत्येकाला चारच तुकडे वाढा आणि लगेच दुसरी खेप फिरवा. लोकांना गरम मिळतं आणि पानात टाकलं जात नाही. आमच्या घरी आत्या वाढायला निघाल्या की प्रत्येक पानापाशी थांबतात, कुणी उठायला लागलं की "जेवन व्हयनं का?" म्हणून विचारतात आणि उत्तराची वाट न बघता अजून एक तुकडा टाकतात. तो तुकडा हिशोबात धरूनच मी वरचे पाच गोळे करते.

गोड वेगळं करायची गरज नाही. शेवटच्या घाण्यातल्या बट्ट्या थोड्या जास्त लाल तळा, गरम असतानाच चुरा, किसलेला गूळ आणि तूप घालून हाताने कालवा, हवी तर वेलची. दहा बट्ट्यांना अर्धा किलो गूळ जास्त होतो, तीनशे ग्रॅम पुरतो, बाकीचा पानावर खड्याने वाढता येतो. वाढदिवस असेल आणि मुलांना केक हवाच असेल, तर अर्धा किलोचा छोटा केक कापायला आणा आणि त्याचे लहान तुकडे मुलांनाच द्या.

माणसं दहाच असतील तर पीठ सव्वा किलो, डाळ अर्धा किलो, वांगी सव्वा किलो. पन्नास असतील तर पीठ आणि डाळ दुप्पट करा, पण मीठ-मिरची दीडपटीपासून सुरू करून चाखत वाढवा. तळणासाठी मात्र दोन कढया आणि दोन माणसं लागतील, आणि उकडण्यासाठी शेजारचं मोठं पातेलं आधीच सांगून ठेवा.

डिसेंबर-जानेवारीत यावल तालुक्यातल्या बामणोदकडची भरताची वांगी बाजारात आली की बेत बदलायला हरकत नाही. तेव्हा शेतात तुराट्यांच्या (तुरीच्या वाळल्या काड्यांच्या) जाळावर वांगी भाजून भरीत आणि कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्या केल्या की पाहुण्यांना दुसरं काही सुचत नाही. पण त्याची रीत वेगळी आहे, जाळ आणि मोकळी जागा पाहिजे. फ्लॅटमध्ये किंवा चाळीत राहणाऱ्यांना बट्टीच सोपी.

उरलेल्या बट्ट्या दुसऱ्या दिवशी सकाळी हाताने बारीक कुस्करा. कढईत कांदा, हिरवी मिरची, कढीपत्त्याची फोडणी करा, बट्टीचा चुरा घालून पाण्याचा हबका मारा आणि पाच मिनिटं झाकण ठेवा. वर लिंबू पिळा. रात्री मुक्कामाला राहिलेल्या पाहुण्यांचा नाश्ता तिथेच होतो.